स्तोत्र १४६ : आधी स्तवन, मग भरवसा

हिप्परगेकर

जय ख्रिस्त, मंडळी.

आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी कोणा ना कोणाच्या घरी प्रार्थना असते आणि तेथे बायबलच्या स्तोत्रसंहितेतून वाचावयाचे स्तोत्र ठरवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. यजमान बहुधा तेविसावे, एक्क्याण्णवावे नाहीतर एकशे एकविसावे स्तोत्र सांगतात. ती लोकांना तोंडपाठ आहेत आणि त्यांत वावगे काहीच नाही. या खेपेस मात्र मी १४६ वे सुचवले, तेव्हा मंडळीतील एका जाणत्या गृहस्थांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, ज्या घरात नोकरी गेली आहे आणि आजारपणही चालू आहे, त्या घरी 'परमेशाचे स्तवन करा' अशी सुरुवात असलेले स्तोत्र नेऊ नये. तेथे भरवशाचे स्तोत्र न्यावे आणि स्तवनाचे स्तोत्र उपकारस्तुतीच्या प्रार्थनेसाठी राखून ठेवावे. सुखाच्या घरी स्तवन आणि दुःखाच्या घरी भरवसा, ही वाटणी आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. मला ती मान्य नाही, आणि का मान्य नाही ते याच स्तोत्राच्या आधाराने मांडतो.

स्तोत्र अवघ्या दहा वचनांचे आहे. आरंभी गाणारा स्वतःच्याच जिवाला स्तवन करण्यास सांगतो आणि जिवात जीव असेपर्यंत देवाचे गुण गाईन असे म्हणतो. लगेच तिसऱ्या वचनात तो आपल्याकडे वळून बजावतो की, अधिपतींवर भरवसा ठेवू नका, कोणाही माणसावर ठेवू नका, कारण तारण त्याच्या हाती नाही. त्याचा श्वास जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे सगळे बेत संपतात. मग याकोबाचा देव ज्याचा साहाय्यकर्ता आहे त्याला धन्य म्हटले आहे, आणि पुढे तो देव कोण हे सांगणारी लांबलचक यादी येते: आकाश, पृथ्वी, समुद्र आणि त्यांतील सर्व काही निर्माण करणारा, सर्वकाळ सत्य पाळणारा, जुलूम सोसणाऱ्यांचा न्याय करणारा, भुकेल्यांना अन्न देणारा, बंदिवानांना सोडवणारा, आंधळ्यांना दृष्टी देणारा, वाकलेल्यांना उभे करणारा, नीतिमानांवर प्रीती करणारा, परक्यांना सांभाळणारा, अनाथ आणि विधवा यांना आधार देणारा, आणि दुर्जनांची वाट वाकडी करणारा. हा देव पिढ्यानपिढ्या राज्य करील असे सियोनेला, म्हणजे यरुशलेमेला, सांगून पुन्हा स्तवनाची हाक दिली जाते आणि स्तोत्र संपते.

आता या दहा वचनांत काय नाही ते पाहावे. एकही मागणी नाही. 'मला बरे कर', 'माझ्या वैऱ्यांचे पारिपत्य कर', 'मला वाचव' यांतले काहीच गाणारा म्हणत नाही. 'तू मला अमुक दिलेस म्हणून तुझे उपकार मानतो' असेही तो कोठे म्हणत नाही. मिळालेल्या गोष्टीची परतफेड किंवा मिळवायच्या गोष्टीसाठी केलेले आर्जव, असे या स्तवनाचे स्वरूपच नाही. देव कोण आहे, तो कोणाच्या बाजूने उभा राहतो, एवढेच ते मोठ्याने सांगते. भरवसा ठेवायचा तर कोणावर ठेवतो आहोत हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक करून देण्याचे काम येथे स्तवनच करते. म्हणून ज्याला भरवशाची निकड अधिक, त्याच्याच घरी स्तवन आधी पोहोचले पाहिजे, असे माझे मत आहे. मन प्रसन्न असतानाच करावयाची ती गोष्ट असती, तर जिवाला हाक मारून उठवण्याची वेळ गाणाऱ्यावर आली नसती.

स्तोत्रसंहितेत याची जागा कोठे आहे तेही विसरू नये. १४६ ते १५० ही शेवटची पाचही स्तोत्रे 'हालेलूया'ने, म्हणजे 'परमेशाचे स्तवन करा' या हाकेने, सुरू होतात आणि त्यानेच संपतात. यहुदी लोकांच्या सकाळच्या नित्य प्रार्थनेत ती आजही म्हटली जातात. पण त्यांच्या आधी किती गाऱ्हाणी येऊन गेली आहेत! बाविसाव्या स्तोत्रातला 'माझ्या देवा, माझ्या देवा' हा आक्रोश, अठ्ठ्याऐंशीव्यातला अंधार, एकशे सदतिसाव्यातले बाबेलच्या नद्यांकाठचे रडणे, हे सारे ओलांडून वाचक या पाच स्तोत्रांशी येतो. सप्तती या हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात १४६ व्या स्तोत्राच्या माथ्यावर हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांची नावे आहेत. हिब्रू पाठात ती नाहीत, त्यामुळे त्यांना लेखक ठरवता येत नाही. परंतु ज्यांनी ती नावे घातली त्यांना हे गाणे बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या तोंडी शोभणारे वाटले, हे उघड आहे. ते लोक इ.स.पू. ५३८ नंतर परतले, मंदिराचे अडलेले बांधकाम इ.स.पू. ५२० मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि त्या काळात त्यांच्यावर सत्ता होती ती पारसाच्या सम्राटाची. पुष्कळ पेरले आणि थोडके हाती आले, असे हाग्गय स्वतः त्यांच्याविषयी म्हणतो. अशा लोकांनी हे गायिले असेल, तर त्याला सुखवस्तू माणसांचे गाणे म्हणता येणार नाही.

आपल्या घरी हे स्तोत्र वाचले जात असल्यास कोणत्या प्रसंगी आणि कसे, ते अवश्य लिहावे. मतभेदही मोकळेपणाने मांडावेत.

रात्रपाळी

हिप्परगेकर दादा, विचार पटण्यासारखा आहे, पण माझी अडचण वेगळी आहे. मी परिचारिका आहे आणि आमच्या वॉर्डात ख्रिस्ती रुग्ण असला की त्याचे नातेवाईक 'सिस्टर, दोन वचने वाचा' असे हक्काने सांगतात. एका आजोबांच्या उशाशी मी हेच स्तोत्र उघडले होते. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिसरे वचन वाचून मी चौथ्याकडे वळणार, तोच त्यांच्या सुनेने काहीही न बोलता माझ्या बायबलवर तळहात ठेवला, नेमका 'त्याचा श्वास जातो' या ओळीवर. मला थांबावे लागले. तेव्हापासून रुग्णाजवळ मी पाचव्या वचनापासून सुरुवात करते. शास्त्रातील वचन असे गाळणे योग्य आहे का, हे मला कोणी जाणकारांनी सांगावे.

जुना पाळक

रात्रपाळी ताई, तुमच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो. आजाऱ्यापाशी पाचव्या वचनापासून वाचणे यात मला दोष दिसत नाही. प्रभू येशूने स्वतः नासरेथच्या सभास्थानात यशयाचे पुस्तक उघडून वाचले, तेव्हा 'आमच्या देवाच्या सूडाचा दिवस' या शब्दांशी येण्यापूर्वीच ग्रंथपट गुंडाळला, हे लूकच्या चौथ्या अध्यायावरून आणि यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायावरून ताडून पाहता येते. कोठे थांबायचे हे वाचणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवायचे असते. मात्र एक लक्षात असू द्यावे: चौथे वचन आजोबांविषयी नाही. ज्याच्या भरवशावर लोक बसून आहेत त्या बड्या माणसाविषयी ते आहे. आपण ते मरणासन्न माणसाच्या उशाशी वाचतो तेव्हा त्याचा रोख चुकीच्या माणसाकडे जातो, आणि त्या सुनेला नेमके तेच खुपले असणार.

हिप्परगेकरांच्या मांडणीशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पाळकीय सेवेत असताना दुःखाच्या घरी स्तवनाचा उपयोग लोकांचे तोंड बंद करण्यासाठी झालेला मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. तरुण मुलगा गेलेल्या आईला 'रडू नका, स्तुती करा, साक्ष बिघडते' असे सांगणारे लोक मंडळीतलेच असतात, आणि आपण मोठे विश्वासाचे काम केले अशा समाधानात ते घरी जातात. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पुढे पुष्कळ चुकले, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रे स्तवनाच्या स्तोत्रांहून कमी नाहीत. ती देवाला ऐकवण्यासाठीच दिली आहेत, वगळण्यासाठी नाहीत.

मी स्वतः तेरावे स्तोत्र आधी वाचत असे. सहाच वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, मग डोळ्यांना प्रकाश मिळावा, मरणाची झोप लागू नये म्हणून विनवणी येते, आणि पाचव्या वचनात 'मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे' असे म्हणून गाणारा शेवटी गाऊ लागतो. मधल्या काळात त्याचे काही बरे झाले असे स्तोत्रात कोठेच म्हटलेले नाही. ते वाचून झाल्यावर १४६ वे वाचले, तर ऐकणाऱ्याला आपले रडणे मोजले गेले असे वाटते.

हिप्परगेकर

पाळकसाहेब, आपण म्हणता तो दुरुपयोग मलाही ठाऊक आहे, आणि त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मी स्तवनाला रडण्याच्या जागी बसवत नाही, ते सुखी माणसांच्या ताब्यातून सोडवू पाहतो. 'रडू नका, स्तुती करा' म्हणणारा मनुष्य स्वतः सुखात असतो आणि दुसऱ्याकडून स्तवन मागतो. या स्तोत्रात गाणारा आधी स्वतःच्या जिवाला सांगतो. दुसऱ्यांना सांगावयाचे असते तेव्हा तो भरवसा कोठे ठेवू नये एवढेच सांगतो. हा क्रम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळेल. तेरावे आणि १४६ वे लागोपाठ वाचण्याची सूचना उत्तम आहे.

साळखाते

जय ख्रिस्त. माझे वडील सोलापुरातील एका कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. आपल्या शहरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली आणि पुढे कित्येक दशके येथील लोकांची उठबस भोंग्यावर चालली, हे येथील वाचकांना सांगायला नको. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. आधी 'मालक काहीतरी करतील' असे म्हणत लोक गेटवर बसत. मग 'युनियनवाले मुंबईला गेले आहेत' असे म्हणत बसत. त्यानंतर निवडणूक आली आणि एका पुढाऱ्याने गेटवरच शब्द दिला. थकलेली देणी मिळण्याची वाट पाहता पाहता वडिलांबरोबरचे कित्येक कामगार वारले.

आमच्या घरी त्या दिवसांत संध्याकाळची प्रार्थना चुकली नाही. आई विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पत्र्याचा फर्मा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. प्रार्थनेसाठी ती सूप बाजूला ठेवत नसे, कारण सकाळी कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या असत आणि छाट निघालेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. वडील स्तोत्रे क्रमाने वाचत आणि दीडशेवे झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एकशे सेहेचाळिसावे आले त्या संध्याकाळी तिसरे वचन त्यांनी नेहमीच्या आवाजात वाचले, चौथे वाचले आणि म्हणाले, "गेटवर हे रोज वाचून दाखवायला पाहिजे." पुढे सातव्या वचनात 'तो भुकेल्यांना अन्न देतो' असे आले, तेव्हा आईने पानाची कडा दुमडता दुमडता विचारले, "कोणाच्या हातानं देतो, ते लिहिलंय का कुठं?" वडिलांना उत्तर सुचले नाही. आईने प्रश्न चेष्टेने विचारला नव्हता आणि रागानेही नव्हता. तिच्याच हातांनी घर चालले होते.

मला हिप्परगेकरांचे म्हणणे पटते ते एवढ्याचसाठी की, गिरणी बंद असताना आमच्या घरात स्तवन बंद नव्हते, आणि ते सुखाचे स्तवन नव्हते. पण आईच्या प्रश्नाचे उत्तर कोणी देऊ शकेल का?

माळढोक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतो आहे. साळखाते यांच्या आईंचा प्रश्न मला या सगळ्या चर्चेचा गाभा वाटतो. देव भुकेल्यांना अन्न देतो असे म्हणायचे, आणि आपल्या जिल्ह्याने १८७६-७८ चा, १८९९-१९०० चा आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. स्तोत्रातील विधान आणि प्रत्यक्ष यांत इतके अंतर असताना त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे काय? शिवाय 'कोणाही माणसावर भरवसा ठेवू नका' ही शिकवण मला धोक्याची वाटते. शेजाऱ्यावर, डॉक्टरवर, सावकाराऐवजी पतपेढीवर भरवसा ठेवल्याशिवाय जगता येते का?

हिप्परगेकर

माळढोक, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. तिसऱ्या वचनात भरवसा नाकारला आहे तो तारणासाठी. डॉक्टरांकडे जाऊ नका किंवा शेजाऱ्याला हाक मारू नका असे ते म्हणत नाही; डॉक्टर, शेजारी, पुढारी यांच्याही श्वासाला अंत आहे हे ध्यानात ठेवून त्यांच्याकडे जा, एवढेच त्याचे सांगणे आहे. माणसाकडून माणसापुरतेच मागितले की त्या माणसाचीही सुटका होते.

पहिला प्रश्न कठीण आहे आणि त्याचे पुरे उत्तर माझ्याजवळ नाही. पण 'कोणाच्या हाताने' याला शास्त्रात उत्तर आहे असे मला वाटते. परका, अनाथ आणि विधवा ही जी तीन माणसे नवव्या वचनात एकत्र आली आहेत, ती जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या नियमांच्या पुस्तकात पुनःपुन्हा अशीच एकत्र येतात. दहाव्या अध्यायात म्हटले आहे की देव अनाथ व विधवा यांचा न्याय करतो आणि परक्यावर प्रीती करून त्याला अन्नवस्त्र देतो. ते अन्नवस्त्र कसे द्यायचे, हे चोविसाव्या अध्यायात आहे: शेतात पेंढी विसरून राहिली तर ती आणायला परत जाऊ नको, जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा धुंडाळू नको, द्राक्षे खुडल्यावर मागे राहिलेली वेचू नको, ते सगळे परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे. म्हणजे सरवा, काढणीनंतर शेतात मागे राहिलेले पीक, हा शेतमालकाच्या मेहेरबानीवर सोडलेला नाही, तो नियमाने ठरवून दिलेला वाटा आहे. मवाब देशातून आलेली विधवा रूथ बेथलेहेमात सरवा वेचूनच सासूला जगवते. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानात काढणीनंतर सरवा वेचणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अधिक फोड करून सांगावे लागणार नाही.

तेव्हा देव भुकेल्यांना अन्न देतो असे जो मनुष्य स्तवनात म्हणतो, तो आपल्या शेतातली विसरलेली पेंढी आता आपली राहिली नाही, हेही कबूल करतो. दुष्काळात लोक मेले ते पाऊस नव्हता म्हणून, आणि पेंढी परत आणायला गेलेले हात होते म्हणूनही. याने तुमचे समाधान होईल असा माझा दावा नाही.

पूर्वभागातली

नमस्कार. आमच्या घरी तेलुगू बायबल वाचतात, कारण सोलापूरच्या पूर्व भागातील आमची मंडळी मुळात विणकरांची. मी मराठी शाळेत शिकले म्हणून मराठीतही वाचते. हिप्परगेकर अण्णा, अर्थाविषयी तुम्ही पुष्कळ लिहिले आहे, पण हे स्तोत्र मोठ्याने कसे वाचावे याविषयी कोणीच लिहिले नाही, आणि माझ्या मते अर्धा अर्थ तेथेच आहे.

सातव्या वचनाच्या शेवटापासून नवव्याच्या आरंभापर्यंत लागोपाठ पाच ओळी 'परमेश्वर' या नावाने सुरू होतात. परमेश्वर बंदिवानांना सोडवतो, परमेश्वर आंधळ्यांना दृष्टी देतो, परमेश्वर वाकलेल्यांना उभे करतो, परमेश्वर नीतिमानांवर प्रीती करतो, परमेश्वर परक्यांना सांभाळतो. मूळ हिब्रूतही ते नाव असेच पाच वेळा येते. आपल्याकडे आळीपाळीने वाचन करताना पुढारी एक वचन वाचतो आणि मंडळी दुसरे, त्यामुळे या पाच ओळी मध्येच तुटतात. आमच्या महिला मंडळात आम्ही एवढा भाग पाच जणींत वाटून घेतो. प्रत्येकीने एकच ओळ म्हणायची आणि आवाज पडू द्यायचा नाही. पहिल्या दोन वचनांत 'मी' आहे, म्हणून ती एकीनेच वाचायची, तिसरे सर्वांनी, चौथे पुन्हा एकीनेच, हळू. मागे आमच्यातील एका विधवा अक्कांनी 'अनाथ व विधवा यांना आधार देतो' ही ओळ स्वतःहून मागून घेतली होती. त्यांच्या तोंडून ती ऐकताना कोणालाही भाष्याची गरज वाटली नाही.

पंडिता रमाबाईंचे केडगाव आपल्या सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच आहे, हे या निमित्ताने सांगावेसे वाटते. रमाबाई स्वतः विधवा होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी आणलेल्या मुली आणि बालविधवा यांच्यासाठी मुक्तिसदन वसले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या बाईने नववे वचन एका हाताने भाषांतरित केले आणि दुसऱ्या हाताने पाळले, तिच्याविषयी माळढोक यांनी वाचावे अशी विनंती आहे.

तारेपलीकडचा

बराच विचार करून लिहितो आहे. आमचे घराणे सोलापूरच्या सेटलमेंटमधले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मागून येथे तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. जन्माने गुन्हेगार ठरवलेली माणसे तीत ठेवली गेली आणि त्यांना हजेरी द्यावी लागे. तिचा कारभार काही काळ मिशनरींच्या हाती होता. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आता विचार करा. 'परमेश्वर बंदिवानांना सोडवतो' हे वचन माझ्या आजोबांनी कुंपणाच्या आत ऐकले, आणि वाचून दाखवणाऱ्या माणसांकडेच फाटकाचा कारभार होता. त्यांनी शाळा चालवल्या, कामधंदा शिकवला, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, हे मी नाकारत नाही. माझे शिक्षण त्याच परंपरेतून झाले. तरीही मला विचारावेसे वाटते की, वचन वाचताना त्यांना फाटक दिसत नव्हते का?

आजोबांनी मात्र ते वचन सोडले नाही. वाचणाऱ्यापेक्षा वचन मोठे आहे, असे ते म्हणत. साळखाते यांच्या वडिलांनी तिसऱ्या वचनात मालक आणि पुढारी पाहिले. मी त्यात साहेबही पाहतो, आणि मंडळीची सत्ता हाती असलेली माणसेही पाहतो. 'अधिपती' नेहमी आपल्या घराबाहेरचाच असतो, असे समजून हे स्तोत्र वाचू नये.

जुना पाळक

तारेपलीकडचा, आपण लिहिलेत हे बरे केलेत. मी पाळक होतो, म्हणजे लहानसा का होईना, पण अधिपतीच होतो. आपल्या प्रश्नाला 'त्या काळी तसेच होते' हे उत्तर पुरेसे नाही, कारण वचन त्याही काळी तेच होते. एवढे मात्र सांगतो की, बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात होता आणि 'जो येणार आहे तो तूच काय?' असे त्याने विचारण्यास पाठवले, तेव्हा प्रभूने दिलेल्या उत्तरात आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, दरिद्र्यांना सुवार्ता सांगण्यात येते, हे सगळे आहे. बंदिवान सुटतात हे नाही. आणि योहान तुरुंगातून जिवंत सुटलाही नाही. मत्तयाच्या अकराव्या अध्यायातील त्या उत्तरापुढे मी अनेकदा अडखळलो आहे. भरवसा ठेवणाऱ्याची प्रत्येक बेडी त्याच्या हयातीत तुटेल असे आश्वासन मी कोणालाही दिले नाही आणि देणारही नाही.

रात्रपाळी

पाळकसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे तेरावे आणि १४६ वे लागोपाठ वाचून पाहीन. आणखी एक विचारते. भुकेले, बंदिवान, आंधळे, वाकलेले, परके, अनाथ, विधवा, या सगळ्या अडचणीतल्या माणसांच्या यादीत मध्येच 'नीतिमान' कसे आले? पूर्वभागातली ताईंनी पाच ओळी सुट्या करून दाखवल्या, तेव्हा ते अधिकच डोळ्यांत भरले.

साळखाते

मला वाटते, भुकेला मनुष्य लबाडी न करता राहिला तर तो नीतिमान, असा अर्थ असावा. आमच्या गेटवर अशी माणसे पुष्कळ होती.

जुना पाळक

साळखाते यांचा अर्थ नाकारण्याजोगा नाही. काही भाष्यकार ती ओळ स्थलांतरित झाली असावी असे मानून तिची जागा बदलू पाहतात, म्हणजे ती दुर्जनांच्या ओळीशेजारी नेऊन ठेवतात. तसे केले की नीतिमान आणि दुर्जन अशी नीटनेटकी जोडी जमते. मला ती आहे तेथेच हवी आहे. आपण स्वतःला नीतिमान समजू लागलो की अडल्यानडल्यांच्या रांगेतून बाहेर पडून वाढणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. स्तोत्रकर्त्याने त्यांना वाकलेल्यांच्या मागे आणि परक्यांच्या पुढे उभे केले आहे, घेणाऱ्यांच्या रांगेतच. म्हणून पूर्वभागातली ताईंच्या पद्धतीने वाचताना मी एवढेच सुचवीन की, ती चौथी ओळ म्हणणारीने वेगळा जोर देऊ नये आणि आधी-नंतर थांबूही नये. पाचही ओळी एका चालीत जाऊ द्याव्यात, आणि कोणती ओळ कोणी म्हणायची ते दर वेळी बदलावे.